पंप्याच्या ओळीचं शेपूट

ज्या मुलाला एक ओळ धड शेवटपर्यंत म्हणता येत नव्हती, तो पुढे रॅपर झाला. हे मी कुणाला सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, याच्या पोटात दुखतंय. पण आमच्या कोपरखैरण्यात त्या वेळी शाळेत असलेल्या कुणालाही विचारा. पंप्या ओळीची सुरुवात अशी करायचा की शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीत यायची. मध्यापर्यंत आवाज खणखणीत. आणि शेवटचा शब्द आला की छातीत बारीक शिट्टी वाजायची, ओठ हलत राहायचे आणि आवाज मात्र कुठेच नसायचा. त्याला लहानपणापासून दमा होता. इतरांच्या खिशाला पेन असे, याच्या खिशात निळा पंप. म्हणून पंप्या. खरं नाव हरेश, पण ते हजेरी घेण्यापुरतंच वापरात होतं.

आठवीत एकदा बाईंनी त्याला कविता म्हणायला उभं केलं. पहिल्या ओळीच्या टोकाशी नेहमीसारखी गाडी अडकली. वर्ग खुसखुसला. मी त्याच्या मागच्या बाकावर होतो आणि तो राहिलेला शब्द माझ्या तोंडून आपोआप निघून गेला. मदत करावी असं काही माझ्या मनात आलं नव्हतं. अपुरी ओळ मला ऐकवत नाही, एवढंच. शिंक येता येता राहिली की जीव जसा घुटमळतो तसं होतं. पंप्यानं मागे वळून माझ्याकडे पाहिलं, श्वास घेतला आणि दुसरी ओळ सुरू केली. तिचाही शेवट मी केला. तिसरीला तर तो शेवटच्या शब्दाआधी थांबला आणि नुसत्या भुवया उडवल्या. बाई म्हणाल्या, "दोघं मिळून एक कविता म्हणताय होय रे? मग मार्कही अर्धे अर्धे देते." मधल्या सुट्टीत तो डबा घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "बरोबर पकडलास तू. आजपासून तू माझा शेपूट."

तेव्हापासून विजय हे माझंही नाव हजेरीपुरतंच उरलं.

खरं तर आमची मैत्री व्हायचं काही कारण नव्हतं. माझे वडील मार्केटात माथाडी. आम्ही साताऱ्याकडचे, माथाडी कॉलनीत राहणारे. पंप्या बोनकोड्याचा, म्हणजे इथला मूळचा. कॉलनीची पोरं गावातल्यांना 'गाववाले' म्हणायची आणि ते आम्हाला 'घाटी'. मैदानावरून दर रविवारी दोन्ही पक्षांची जुंपायची. आम्ही दोघं त्या भांडणात समोरासमोर उभे असायचो आणि सोमवारी एकाच बाकावर. माझी आई म्हणायची, "त्यांच्या जमिनीला पैसे मिळालेत, त्यांचं भागेल. तुझं कसं भागायचं?" हा प्रश्न ती अजूनही अधूनमधून विचारते.

पंप्याच्या घरात पैसा होता असंही नाही. जुन्या घराच्या जागी तीन मजले उभे होते, वरचे दोन भाड्यानं दिलेले. वडील लवकर गेले होते. घरात तो, धाकटी बहीण रंजू आणि त्याची आई, जिला मी काकी म्हणायचो. काकी धवलारीण होती. आगरी लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला जी बाई धवले गाते ती धवलारीण. तिनं तोंड उघडल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. भटजी उशिरा आला तर लोक थांबायचे, धवलारीण उशिरा आली तर घाबरायचे. काकीचा आवाज जाडाभरडा आणि लांब पल्ल्याचा. तिच्या शेजारी कायम जनी आत्या बसलेली असे. नात्यानं कोण कुणाची हे मला कधी नीट कळलं नाही. काकी ओळ म्हणायची आणि ती संपायच्या आत जनी आत्या तिचं टोक उचलायची. कधी कधी तर काकी शेवटचा शब्द म्हणायचीच नाही, पान लावायला घ्यायची. जनी आत्या आहेच की.

मी एकदा काकीला विचारलं, तुम्ही एकट्या का नाही म्हणत? आम्ही ओट्यावर बसलो होतो, समोर खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण आणि तांदळाची भाकरी. काकीनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली आणि म्हणाली, "धवला एकलीनं म्हनाचा नसतंय. एकली म्हनली तं त्याला रडना म्हनतान." जनी आत्या हसली आणि म्हणाली, "हिला दम पुरत नाय रं, खोटा बोलतंय." दोघींचं हे नेहमीचं होतं. पंप्या मात्र तेव्हा हसला नाही. तो जेवायचा थांबून आईकडे बघत राहिला. मला वाटतं, आपल्याला दम पुरत नाही ही लाजेची गोष्ट नाही, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असावं.

रॅप त्याच्याकडे मोबाइलमधून आला, पण ताल आला पंपामधून. पंप ओढायच्या आधी तो बाकावर दोनदा आपटायची त्याला सवय होती. टक टक. त्याची काही गरज नसे, डॉक्टरांनी असं काही सांगितलेलं नव्हतं. पण टक टक झालं की आम्हाला कळायचं, आता हा काहीतरी म्हणणार. भाडेकरूंवर म्हणायचा, बाईंच्या स्कूटीवर म्हणायचा, माझ्या वडिलांच्या मिशीवरही म्हणायचा. बारावीत असताना गावच्या क्रिकेट स्पर्धेत कॉमेंट्री करणाऱ्याचा घसा बसला आणि माइक पंप्याच्या हातात आला. टक टक करून त्यानं हरणाऱ्या टीमच्या कॅप्टनची अशी काही बिनपाण्यानं केली की तो कॅप्टनच खाली बसून हसायला लागला. मी स्टेजच्या कडेला उभा राहून शेवटचे शब्द पकडत होतो. खाली उतरल्यावर त्याचा शर्ट घामानं भिजला होता आणि डोळे चमकत होते. "शेपूट," तो म्हणाला, "आपुन हेच करायचं. बाकी टेन्शन नाय घ्यायचं."

पहिलं गाणं आम्ही त्याच्या घरातल्या कपाटात रेकॉर्ड केलं. हे खरं आहे. बाहेर गाड्यांचा आवाज यायचा, म्हणून काकीच्या लग्नातल्या साड्यांचं लाकडी कपाट रिकामं करून, आतून गोधड्या लावून आम्ही दोघं त्यात उभे राहायचो. मध्ये मोबाइल. दार लावलं की त्याला धाप लागायची आणि उघडलं की कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. शेवटी दार अर्धं उघडं ठेवून रंजूला स्वयंपाकघरात पहाऱ्यावर बसवलं. त्या कपाटाला डांबरगोळ्यांचा वास होता. आजही कुठे तो वास आला की माझ्या जिभेवर पंप्याच्या ओळीचा शेवट येऊन बसतो.

त्यातली ती ओळ तुमच्यापैकी पुष्कळांनी हळदीत ऐकली असेल, कदाचित तिच्यावर नाचलाही असाल:

माझे गल्यान सोना, माझे दारान गारी,
माझे नावानं हालतंय ठान्याची — खारी!

आगरी बोलीत गाडीची 'गारी' होते आणि खाडीची 'खारी'. तर ती 'खारी' माझी होती. पंप्या 'ठान्याची' म्हणून हात वर करायचा आणि मी पोटातून ओरडायचो, "खारी!" सोनं म्हणजे त्याच्या गळ्यात घातलेली नकली साखळी, जिनं त्याच्या मानेला पुरळ आलं होतं. आणि गाडी भाडेकरूची, गाण्याच्या व्हिडिओपुरती धुऊन घेतलेली. पण पब्लिकला त्याचं काय! एका मोसमात ते गाणं ऐरोलीपासून उरणपर्यंतच्या हळदींत वाजायला लागलं. आम्हाला बोलावणी येऊ लागली. नवरदेवाचे काका आमच्या अंगावर मानाचे टॉवेल टाकायचे, बायका पंप्याची दृष्ट काढायच्या. स्टेजवर तो नुसता 'पंप' होता; लोकांना वाटायचं, हे नाव त्यानं जोर दाखवायला घेतलंय. त्याच्या खिशातला निळा डबा कुणी पाहिला की तो म्हणायचा, "परफ्यूम हाय." आणि आम्ही दोघं हसत सुटायचो. माझ्या आयुष्यात मी इतका हसलेलो नाही, आधी नाही आणि नंतरही नाही.

मग मुंबईहून एका म्युझिक कंपनीचा माणूस आला. सज्जन माणूस होता. त्यानं आम्हाला खऱ्या स्टुडिओत नेलं, जिथे भिंतींना गादीसारखं काहीतरी लावलेलं होतं आणि एसी असूनही आवाज नव्हता. पंप्या काचेच्या आत, मी बाहेर सोफ्यावर. पहिल्या टेकला तो टोकाशी अडखळला आणि सवयीनं काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी बाहेरून "खारी" म्हणालो, पण काचेतून ते जाणार कसं? रेकॉर्डिंग करणारा मुलगा म्हणाला, "नो टेन्शन सर, तुम्ही तुकड्यातुकड्यानं बोला, मी जोडतो." मग पंप्यानं अर्धी ओळ म्हटली, पाणी प्याला, पंप ओढला, आणि उरलेली अर्धी म्हटली. मुलानं काही बटणं दाबली, मधला श्वास कापून टाकला आणि सगळी ओळ स्पीकरवर वाजवली.

पंप्याची आख्खी ओळ आम्ही दोघांनीही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. तो कानावरचे हेडफोन काढून बाहेर आला. "ह्यो मी हाय?" त्यानं विचारलं. पुन्हा लावायला सांगितली. पुन्हा. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. जन्मभर ज्या जिन्याच्या शेवटच्या पायरीला तो धापा टाकत अडकत होता, तिथून कुणीतरी त्याला अलगद वर नेऊन ठेवलं होतं. मला त्याच्यासाठी खूप आनंद झाला. आणि त्याच वेळी सोफ्यावर बसल्या बसल्या वाटलं, आता या ओळीला माझी गरज नाही. दोन्ही खरं आहे, आणि आजही मला ते वेगवेगळं करता येत नाही.

त्यानंतर स्टेजवर ट्रॅक वाजायला लागला. पंप्या वर तोंड हलवायचा, अधूनमधून जोरात एखादी ओळ म्हणायचा, बाकी सगळं आधीच भरलेलं असायचं. शेवटचे शब्दही. तो मला प्रत्येक कार्यक्रमाला न्यायचा. सोडलं कधीच नाही. माझ्या हातात माइक असायचा आणि म्हणायला काही नसायचं. मी कडेला उभा राहून टाळ्या वाजवायचो. एक दिवस खारघरच्या कार्यक्रमाला निघताना त्याचा फोन आला. "शेपूट, तू आज नको धावपळ करू. ट्रॅकवर हाय सगला." आवाजात खोट नव्हती, मी दमतो म्हणूनच तो बोलत होता. मी बरं म्हणालो. त्याच सुमारास तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात मला लॅबमध्ये नोकरी लागली आणि शिफ्ट लागल्या. भांडण झालं असतं तर निदान मिटवता तरी आलं असतं. आमच्यात काहीच झालं नाही.

नंतरच्या पावसाळ्यात जनी आत्या गेली. काकीनं लग्नांना जाणं बंद केलं. पानाचा डबा तेवढा शेजारी असायचा, पण एकटीच खायची. मग रंजूचं लग्न ठरलं. पोटच्या मुलीला हळद लागणार आणि धवला नाही, असं कसं होईल? पंप्या आईच्या मागे लागला. काकी म्हणायची, "मांगं कोन हाय माझे?" पंप्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, "त्याचा मी बघतो. तू फक्त बस." त्यानं मला फोन केला आणि हळदीच्या दिवशी सकाळीच बोलावलं. मी रजा टाकून गेलो.

मांडवात काकी पाटावर बसली. समोर रंजू पिवळ्या साडीत. बायका गोळा झाल्या. पंप्यानं काकीच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर, जिथे जनी आत्या बसायची तिथे, एक स्पीकर आणून ठेवला. मला अजून कळलं नव्हतं. काकीनं डोळे मिटून पहिली ओळ म्हटली, आणि टोकाशी पोचली तोच त्या स्पीकरमधून जनी आत्याचा आवाज आला. अगदी तोच. कधीतरी कुणाच्या लग्नात मोबाइलवर घेतलेला. पंप्यानं तो शोधून, साफ करून, ओळीओळीनं तोडून ठेवला होता. स्टुडिओतल्या त्या मुलानं याचं जे केलं तेच यानं आईसाठी केलं होतं. त्याच्याइतका आईवर जीव असलेल्या पोरालाच हे सुचावं, आणि रात्रंदिवस ट्रॅकवर जगणाऱ्यालाच ते बरोबर वाटावं. दोनचार बायकांनी पदर डोळ्यांना लावले. पंप्या कौतुकाच्या आशेनं आईकडे बघत होता.

काकी गप्प झाली. स्पीकर पुढची ओळही उचलून मोकळा झाला. काकीनं ती म्हटलीच नव्हती. मांडवात जनी आत्याचा आवाज एकटाच घुमत राहिला. काकी शांतपणे म्हणाली, "बंद कर रं ती."

"आई, आत्याच हाय ती."

"जनी माझे तोंडाकरं बगून उचलाची," काकी म्हणाली. "ही बगत नाय."

पंप्यानं स्पीकर बंद केला. आता पुढे काय, कुणाला कळेना. नव्या मुलींना धवला येत नव्हता, म्हाताऱ्या उरल्या नव्हत्या. काकीनं पुन्हा तीच ओळ सुरू केली, आणि टोकाशी आल्यावर तिची नजर रंजूवरून, बायकांवरून फिरत माझ्यावर आली. इतकी वर्षं त्या ओट्यावर भाकऱ्या खाल्ल्या होत्या, धवले कानात मुरले होते. तोंडून शब्द निघून गेला. बायका खिदळल्या. "अगं बाई, घाटी धवला बोलतंय बगा!" काकी हसली नाही. तिनं माझ्याकडे बघत दुसरी ओळ म्हटली, मी उचलली, मग एकदोन बायकांनी माझ्याबरोबर उचलली, आणि रंजूला हळद लागली.

दुपारी जेवणावळीत पंप्या माझ्या शेजारी येऊन बसला. भात कालवायला घेतला. मग खाली बघूनच म्हणाला, "शेपूट, ट्रॅकपन मना बगत नाय रं." आमच्यात पहिलं वाक्य कायम त्याचं असे आणि माझ्याकडे फक्त शेवटचा शब्द. त्या वाक्याला शेवटचा शब्द सापडला नाही. वाढप्यानं दोघांच्याही पानात जिलबी वाढली.

त्यानंतर त्यानं हळदीचे कार्यक्रम घेणं बंद केलं. लोक म्हणाले, डोक्यात हवा गेली; काही म्हणाले, दमा वाढला. बोनकोड्याचं घर पूर्ण भाड्यानं देऊन तो आईला घेऊन द्रोणागिरीला राहायला गेला. तिकडे अजून संध्याकाळी खाडीचा वास येतो, म्हणून काकीला तिकडे बरं वाटतं, एवढं रंजूकडून कळलं. आमचे फोन आधी सणावारी झाले, मग नुसते हात जोडलेली चित्रं, मग तेही नाही. मी कधी त्या गल्लीतून गेलो तर ओट्याकडे बघायचं टाळतो. तिथे आता भाडेकरूंच्या मोटारसायकली असतात. त्याचा नंबर माझ्याकडे आहे. कितीदा तरी काढून बघितला. पण इतक्या वर्षांनी फोन करून म्हणायचं काय? सुरुवात करायची मला कधी सवयच लागली नाही. पंप्या जवळ नाही याची आठवण मला मोठ्या प्रसंगी होत नाही. कुणीतरी बोलता बोलता अडखळलं, शब्द शोधू लागलं, की होते. लॅबमध्ये माझे साहेब एकदा मीटिंगमध्ये अडकले तेव्हा मी त्यांचं वाक्य पुरं केलं. त्यांना ते आवडलं नाही.

गेल्या महिन्यात बायको मोबाइल पुढे करत म्हणाली, "अरे, तुझ्या पंपचं नवीन आलंय बघ. आख्खा अल्बम आहे. पण कसलं तरीच आहे." अल्बमचं नाव 'धाप'. वर त्याचा फोटो नाही, साखळी नाही, गाडी नाही. नुसता तो निळा पंप, ओट्यावर ठेवलेला. खाली लोकांच्या तक्रारींचा पाऊस. कुणी लिहिलं होतं, भाऊ म्हातारा झाला. कुणी लिहिलं होतं, हे हळदीला वाजवायचं कसं? आणि बऱ्याच जणांची एकच तक्रार होती: एडिटिंग गंडलंय, ओळींचे शेवटचे शब्दच उडालेत, कंपनीनं फाइल नीट चढवावी.

मी ते घरी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये, खिडकीशी बसून कानाला लावलं. आधी टक टक ऐकू आलं. मग त्याचा श्वास. आत जाणारा, छातीत घरघरणारा, पूर्वी ज्याला कापून काढायचे तो. आणि मग आवाज, पूर्वीपेक्षा कितीतरी खालचा, कुणाला हरवायची घाई नसलेला. एक गाणं त्या नकली साखळीवर आहे, तिनं मानेवर ठेवलेल्या डागावर. एक आहे त्याच्या आजोबांच्या भातशेतावर, जिथे आता गाड्या लावतात आणि त्यालाच जागा मिळत नाही. एक काकीवर आहे; त्यात ती पान लावते आणि शेजारच्या रिकाम्या जागेकडे डबा सरकवते. हे सगळं लिहिणारा माणूस आणि माझ्या वडिलांच्या मिशीवर रॅप करणारा माणूस एकच, याचं मला नवल वाटलं नाही. ओट्यावर जेवायचा थांबून आईकडे बघणारा मुलगा मी पाहिलेला होता.

आणि ओळी खरंच अपुऱ्या होत्या. प्रत्येक ओळीच्या टोकाशी ताल चालू राहायचा, आवाज थांबायचा, एका शब्दापुरती जागा जायची, आणि मग पुढची ओळ. पहिल्या गाण्यात मला वाटलं, मोबाइलचं नेटवर्क जातंय. दुसऱ्या गाण्यात मी नेटवर्क बघितलं, ते पूर्ण होतं. त्याच्याकडे माझा आवाज भरपूर होता. कपाटातली सगळी रेकॉर्डिंग त्याच्याकडे होती, माझ्या शेकडो आरोळ्या. साफ करून, तोडून, हवी तिथे बसवता आली असती. त्यानं एकही वापरली नव्हती. काकीनं मांडवात जे सांगितलं होतं, ते त्यानं ऐकलं होतं. जनी आत्याच्या जागी स्पीकर ठेवायची चूक त्यानं माझ्या बाबतीत केली नव्हती. त्यानं जागा तशीच रिकामी ठेवली होती.

शेवटच्या गाण्यापर्यंत बस कळंबोली ओलांडून तळोज्याच्या रस्त्याला लागली होती. दोन्ही बाजूंना भरणी केलेली जमीन, पत्र्यांची कुंपणं, मध्येच उरलेलं थोडं काळं पाणी आणि त्यात एक बगळा. शेजारी आमच्या पॅकिंगमधले पाटकर पेंगत होते. टक टक झालं, श्वास झाला, आणि ओळखीची चाल आली:

माझे गल्यान नाय सोना, दारान नाय गारी,
बुजवून टाकली आमी, यवरी मोठी —

आणि थांबला.

ताल चालू होता. पंप्या थांबला होता. मला तो दिसत होता, हात वर केलेला, भुवया उडवलेला, मागे वळून माझ्याकडे बघणारा. एवढी मोठी काय बुजवून टाकली, हे बसच्या खिडकीबाहेर होतं, आणि आत माझ्या छातीत होतं. मी कानातलं काढलं नाही. कोण बघतंय ते बघितलं नाही. पोटातून, हळदीतल्यासारखा, गच्च भरलेल्या बसमध्ये ओरडलो, "खारी!"

पाटकर दचकून जागे झाले. ड्रायव्हरनं आरशातून मागे पाहिलं.

कानात पंप्यानं श्वास घेतला आणि पुढची ओळ सुरू केली.